चित्र काढायचे कोणी?

आमच्या परिचयाच्या एका शिक्षिकाबाईंचा मुलगा अकरावीत शिकतो. शिष्यवृत्तीचे साठवलेले पैसे आणि त्यात आईने घातलेली भर, असे करून त्याने गेल्या दिवाळीत एक भारी ग्राफिक्स कार्ड विकत घेतले आणि घरातल्या दहा वर्षांच्या संगणकात बसवले. आता खेळ पूर्वीच्या तिप्पट वेगाने पळतील अशी त्याची खात्री होती. मोकळ्या माळरानावरची दृश्ये खरोखरच झकास पळू लागली. पण खेळातला नायक गर्दीच्या बाजारपेठेत शिरला, की चित्र पूर्वीसारखेच अडखळे. दुकानदाराने कार्ड दुसऱ्या संगणकावर लावून दाखवले. कार्डात काहीही दोष नव्हता. ‘मग माझे पैसे गेले कुठे?’ हा त्याचा प्रश्न घेऊन बाई आमच्याकडे आल्या.

प्रश्न खेळाचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. एखाद्या कामाचे दोन भाग असतील आणि त्यांतला एकच भाग झपाट्याने होऊ लागला, तर सगळे काम किती लवकर होईल, असा तो मुळात प्रश्न आहे. संगणक बांधणारी माणसे गेली पन्नास-साठ वर्षे त्याच्याशी झुंजत आली आहेत. त्यांची हकिगत पाहिली की मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते.

आधी स्वयंपाकघरात जाऊ. समजा, एक पोळी लाटायला ३० सेकंद लागतात आणि भाजायला २०. एकच माणूस आधी लाटून मग भाजत असेल, तर एका पोळीला ५० सेकंद लागतील. आता एक जण लाटतो आणि दुसरा भाजतो असे ठरवले, तर दर ३० सेकंदांनी एक पोळी तयार होईल. भाजणारा मधले १० सेकंद हात चोळत बसेल. मोठी शेगडी आणून भाजण्याचा वेळ १० सेकंदांवर आणला तर काय होईल? एकट्याने काम करणाऱ्याचे दर पोळीमागे १० सेकंद वाचतील. दोघे मिळून करत असतील, तर मात्र पोळी अजूनही ३० सेकंदांनीच मिळेल. शेगडीचा खर्च वाया! (वर्गात हे करून पाहता येते. एका मुलाने कागदाची होडी करायची, दुसऱ्याने ती रंगवायची. रंगवणाऱ्याच्या हाती जाड ब्रश द्या आणि घड्याळ लावा.)

संगणकावरच्या खेळात ‘पोळी’ म्हणजे पडद्यावरचे एक चित्र. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर प्रत्येकासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात दोन प्रकारची कामे उरकायची असतात. खेळाडूने कोणते बटण दाबले, शत्रू कुठे सरकला, चेंडू भिंतीवर आपटून कुठे गेला, कोणत्या वस्तू नजरेच्या टप्प्यात आहेत, हे सगळे ठरवणे हे पहिले काम. ते प्रोसेसर करतो. ठरलेल्या वस्तू पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांत रंगवणे हे दुसरे; ते आज ग्राफिक्स कार्डाकडे असते. आज असते असे मुद्दाम म्हटले, कारण ही वाटणी मुळात नव्हती.

डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातील इड सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने ‘डूम’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात लाटणारा आणि भाजणारा एकच होता, तो म्हणजे प्रोसेसर. त्या काळच्या घरगुती संगणकातले ग्राफिक्स कार्ड म्हणजे जवळजवळ नुसती पाटी. त्यावर प्रोसेसर अक्षरे गिरवी आणि कार्ड ती पडद्यावर दाखवी. डूमचा पडदा ३२० गुणिले २००, म्हणजे ६४,००० ठिपक्यांचा. खेळ सेकंदाला जास्तीत जास्त ३५ चित्रे दाखवी. म्हणजे सेकंदाला सुमारे २२ लाख ठिपके रंगवायचे, तेही ३८६ किंवा ४८६ जातीच्या प्रोसेसरने, आणि खेळाचे बाकीचे सगळे गणित सांभाळून.

हे जमवण्यासाठी जॉन कारमॅक या प्रोग्रामरने जी तडजोड केली ती भूमितीच्या शिक्षकांना आवडेल. दूरची वस्तू लहान दिसते; किती लहान, हे काढायला अंतराने भागावे लागते, आणि भागाकार ही प्रोसेसरच्या दृष्टीने महागडी क्रिया. डूममधल्या भिंती नेहमी सरळ उभ्या आणि जमिनी नेहमी सपाट असतात. त्यामुळे भिंतीच्या एका उभ्या पट्टीतले सगळे ठिपके एकाच खोलीवर येतात आणि जमिनीच्या एका आडव्या ओळीतलेही तसेच. एका पट्टीला किंवा ओळीला एकदाच भागाकार केला की भागते. किंमत अशी, की डूममध्ये उतार नाही आणि खेळाडूला मान वर करून आभाळ पाहता येत नाही.

आणि गंमत पाहा: जुन्या-नव्याची जोडी लावण्याची अडचण तेव्हाही होती, फक्त उलट्या बाजूने. चांगला ४८६ घेऊनही ग्राफिक्स कार्ड जुन्या आयएसए मार्गाचे असेल, तर रंगवलेले ठिपके त्या अरुंद वाटेतून कार्डापर्यंत पोचायलाच वेळ लागे. १९९२ मध्ये आलेल्या व्हेसा लोकल बस या रुंद मार्गावरचे कार्ड असलेल्या संगणकावर तोच प्रोसेसर डूम कितीतरी सफाईने चालवी.

जून १९९६ मध्ये त्याच कंपनीचा ‘क्वेक’ आला. इथे जग खरोखर त्रिमित होते: उतार, कमानी, वर-खाली कुठेही पाहायची मुभा. मग डूममधली पट्टीची युक्ती चालेना. नियमाने पाहिले तर प्रत्येक ठिपक्यासाठी भागाकार आला. कारमॅक आणि त्याचा सहकारी मायकेल अॅब्रॅश यांनी दर १६ ठिपक्यांनी एकदा भागाकार करायचा आणि मधले ठिपके सरळ रेषेने भरायचे असे ठरवले. इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये अपूर्णांकांचे गणित करणारा विभाग वेगळा होता. तो पुढचा भागाकार करत असताना पूर्णांकांचा विभाग आधीचे १६ ठिपके रंगवून घेई. एकाच चिपेच्या आत लाटणारा आणि भाजणारा वेगळे काढल्यासारखेच हे झाले.

याचा फटका भलत्यालाच बसला. सायरिक्स कंपनीचा ६एक्स८६ हा प्रोसेसर पत्रलेखनात, हिशेबात पेंटियमच्या तोडीस तोड होता आणि स्वस्तही. पण त्याचा अपूर्णांकांचा विभाग कमकुवत. क्वेक त्यावर रखडे. ‘हा प्रोसेसर वेगवान आहे का?’ या प्रश्नाला ‘कोणत्या कामासाठी?’ असे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही, हे तेव्हा हजारो ग्राहकांना पदरचे पैसे घालवून कळले. पाठ्यपुस्तकांतून प्रोसेसरला संगणकाचा मेंदू म्हणण्याची पद्धत आहे. ती आम्हांला फारशी आवडत नाही; त्यामुळे चांगला मेंदू आणला की सगळे चांगले, अशी समजूत होते.

क्वेक येऊन काही महिने होतात तोच, १९९६ च्या अखेरीस, थ्रीडीएफएक्स कंपनीच्या ‘व्हूडू’ चिपा असलेली कार्डे बाजारात आली. कंपनीचे संस्थापक रॉस स्मिथ, स्कॉट सेलर्स आणि गॅरी टारोली हे सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीत काम केलेले लोक. ती कंपनी चित्रपट आणि संशोधनासाठी लाखो रुपयांचे संगणक बनवी. त्यांतले नेमके एकच काम उचलून घरगुती संगणकाच्या किमतीत आणायचे असे या मंडळींनी ठरवले. ते काम म्हणजे त्रिकोण रंगवणे. त्रिमित दृश्यातली प्रत्येक वस्तू लहान-लहान त्रिकोणांची बनवलेली असते. त्रिकोणाचे तीन कोपरे पडद्यावर कुठे येतात ते प्रोसेसरने सांगायचे आणि आतले ठिपके व्हूडूने भरायचे. इतर काहीही या कार्डाला येत नसे. साधी अक्षरे दाखवायला जुने कार्ड संगणकात ठेवावेच लागे आणि एका छोट्या वायरीने दोन्ही कार्डे जोडावी लागत. ऑर्किड कंपनीच्या अशा कार्डात तर खेळ सुरू होताना पडद्याचा ताबा बदलला की रिलेचा टक् असा आवाज येई!

जानेवारी १९९७ मध्ये क्वेकची या कार्डांवर चालणारी आवृत्ती निघाली. ६४० गुणिले ४८० म्हणजे ३,०७,२०० ठिपके, डूमच्या जवळजवळ पाचपट, आणि तेही मऊ, एकमेकांत मिसळलेल्या रंगांत. ज्यांच्याकडे जुनाट पेंटियम होता त्यांनाही हे दृश्य दिसले. जुन्या प्रोसेसरला भारी कार्ड जोडल्याने एवढा फायदा का झाला? कारण तोपर्यंत प्रोसेसरचा बहुतेक वेळ रंगवण्यातच जात होता.

इथे आपण क्षणभर १९६७ सालात जाऊ. आयबीएममधले संगणक-रचनाकार जीन अॅमडॉल यांनी त्या वर्षी अटलांटिक सिटी येथील परिषदेत एक छोटा निबंध वाचला. अनेक प्रोसेसर एकत्र जुंपले की काम त्या पटीत लवकर होईल, असे तेव्हा काही जण म्हणत होते. अॅमडॉल यांनी बजावले, की कामाचा जो भाग वाटून देता येत नाही तो तसाच उरतो आणि अखेर तोच सगळ्यांना खोळंबून ठेवतो. हा विचार पुढे ‘अॅमडॉलचा नियम’ म्हणून रूढ झाला. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ट्रान्सप्यूटर नावाच्या अनेक चिपा जोडून ‘परम ८०००’ हा महासंगणक बांधला. अशा प्रत्येक यंत्राला हाच हिशेब लागू पडतो.

आपल्या खेळाला तो लावून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. समजा, एका चित्राला १०० मिलिसेकंद लागतात: ८० रंगवण्यात, २० बाकीच्या कामात. म्हणजे सेकंदाला १० चित्रे. कार्डाने रंगवण्याचे काम दहापट जलद केले, ८० चे ८ झाले. आता २८ मिलिसेकंद, सेकंदाला सुमारे ३६ चित्रे. छान! आणखी दुप्पट वेगाचे कार्ड आणले, ८ चे ४ झाले: २४ मिलिसेकंद, सुमारे ४२ चित्रे. पहिल्या कार्डाने साडेतीनपट दिले, दुसऱ्याने दुप्पट वेगवान असूनही जेमतेम सहावा हिस्सा. कार्ड अनंत वेगाचे झाले तरी २० मिलिसेकंद उरणारच. ५० च्या पुढे मजल नाही.

हा झाला एकामागून एक कामे करण्याचा हिशेब. प्रत्यक्षात कार्ड एक चित्र रंगवत असताना प्रोसेसर पुढच्या चित्राची तयारी करू लागतो. मग बेरीज न धरता दोघांतला मोठा आकडा धरायचा. २० आणि ८ यांत मोठा २०, म्हणजे ५० चित्रे. २० आणि ४ यांतही मोठा २०, म्हणजे पुन्हा ५०. दुसऱ्या कार्डाचा फायदा शून्य. पोळ्यांचे उदाहरण इथे तंतोतंत जुळते.

१९९८ च्या सुरुवातीला व्हूडू-२ आले आणि हे शून्य लोकांना डोळ्यांनी दिसले. क्वेकमध्ये ‘टाइमडेमो’ नावाची सोय होती. आधी नोंदवून ठेवलेला खेळ संगणकाने जमेल तितक्या वेगाने दाखवायचा आणि शेवटी सेकंदाला सरासरी किती चित्रे झाली ते सांगायचे. मासिकांतून त्याचे आलेख छापून येऊ लागले. जोरदार कार्डाला साधा पेंटियम जोडला, की पडदा लहान ठेवा की मोठा, चित्रांचा आकडा जवळपास तोच राही. ठिपके दीडपट झाले तरी वेग घटत नाही, याचा अर्थ रंगवणारा मोकळा बसलेला आहे. उलट नव्या पेंटियम-२ वर पडदा मोठा करत गेले, की एका टप्प्यानंतर आलेख उतरू लागे. तिथे कार्डाची दमछाक सुरू झाली. दोन व्हूडू-२ कार्डे एकत्र लावून एकाने सम, दुसऱ्याने विषम ओळी रंगवायच्या अशीही सोय होती. ती घेणाऱ्या हौशी मंडळींना प्रोसेसरही नवाच घ्यावा लागे.

मग पुढचे पाऊल उघड होते. प्रोसेसरकडे उरलेले काम कमी करायचे. ऑगस्ट १९९९ मध्ये एनव्हिडिया कंपनीने जाहीर केलेल्या जीफोर्स २५६ या चिपेने त्रिकोणांचे कोपरे फिरवणे आणि त्यांवर प्रकाशाचा हिशेब करणे ही कामे कार्डावर घेतली. कंपनीने तिला जगातील पहिला ‘जीपीयू’ म्हणून मिरवले. (तीच अक्षरे सोनीने १९९४ च्या प्लेस्टेशनमधल्या चिपेसाठी वापरली होती, आणि कोपरे फिरवणारी वेगळी चिप जिम क्लार्क यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच केली होती. जाहिरातीतले ‘पहिला’ हे विशेषण बेतानेच घ्यावे.) थ्रीडीएफएक्सने मात्र रंगवण्याच्या वेगावरच भर ठेवला, २००० सालच्या व्हूडू-५ मध्येही हे काम कार्डावर नव्हते. डिसेंबर २००० मध्ये या कंपनीने आपले तंत्रज्ञान एनव्हिडियाला विकायचे ठरवले. एवढ्या एका निर्णयाने कंपनी बुडाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. उशिरा निघालेली कार्डे आणि स्वतःच कार्डे बनवून विकण्याचा अट्टहास हीही कारणे होती.

कामाचे असे इकडून तिकडे जाणे मायर आणि सदरलँड या दोघांनी १९६८ मध्येच टिपून ठेवले होते. पडद्यासाठी मदतनीस यंत्र जोडावे, ते हळूहळू हुशार होत स्वतःच संगणक बनावे, आणि मग त्याला पुन्हा एक मदतनीस लागावा, असा अनुभव त्यांना आला. त्याला त्यांनी पुनर्जन्माचे चाक म्हटले.

मग जुन्या प्रोसेसरची अडचण अजून का उरली? एक कारण भौतिक आहे. २००४-०५ च्या सुमारास प्रोसेसरच्या ठोक्यांचा वेग वाढवणे उष्णतेमुळे अवघड होऊन बसले, आणि कंपन्या एका चिपेत दोन, चार गाभे घालू लागल्या. रंगवण्याचे काम वाटून द्यायला अतिशय सोपे. एका ठिपक्याला शेजारच्या ठिपक्याची वाट पाहावी लागत नाही. म्हणून एनव्हिडियाच्या २००६ च्या ८८०० जीटीएक्स कार्डात १२८ गणक होते, ते २०२२ च्या आरटीएक्स ४०९० मध्ये १६,३८४ झाले. खेळाचे तर्कशास्त्र असे वाटता येत नाही. शत्रू मेला की नाही हे कळल्याशिवाय तो कुठे पळेल हे ठरत नाही. तो भाग एकेका गाभ्याच्या वेगावर अडून राहतो.

दुसरे कारण निरोपांचे. बाजारातला प्रत्येक माणूस, प्रत्येक टोपली रंगवण्यासाठी प्रोसेसरला कार्डाकडे वेगळी आज्ञा पाठवावी लागते. अशा हजारो आज्ञा प्रत्येक चित्रामागे जातात. हा भार हलका करण्यासाठी २०१३ मध्ये एएमडीने मँटल ही पद्धत आणली. २०१५ मध्ये डायरेक्टएक्स १२ आणि २०१६ मध्ये व्हल्कन त्याच वाटेने आले. यांत आज्ञा तयार करण्याचे काम अनेक गाभ्यांत विभागता येते. शिवाय कार्डासोबत येणारी चालक आज्ञावली प्रोसेसरवरच चालते, हे आपण विसरतो. जुन्या प्रोसेसरांत कार्डाची स्मृती एका वेळी २५६ मेगाबाइटांच्या खिडकीतूनच दिसे. इंटेलने २०२२ मध्ये आर्क कार्डे काढली तेव्हा ही खिडकी मोठी करणारी सोय संगणकात असावी अशी आग्रहाची सूचनाच दिली. तेव्हा कार्ड बसले, पडदा उजळला, म्हणजे जोडी जमली असे नाही.

सरासरीचा आकडाही फसवतो. सेकंदात ५९ चित्रे प्रत्येकी १० मिलिसेकंदांत झाली आणि साठावे ४१० मिलिसेकंद रखडले, तर एकूण वेळ नेमका एक सेकंद, सरासरी ६०. पण खेळणाऱ्याला जवळजवळ अर्धा सेकंद गोठलेले चित्र दिसेल. २०११ मध्ये स्कॉट वॉसन या अमेरिकन समीक्षकाने सरासरी बाजूला ठेवून प्रत्येक चित्राचा वेळ मोजण्याचा आग्रह धरला, तेव्हापासून ही तपासणी रूढ झाली. जुना प्रोसेसर बहुधा इथेच पकडला जातो.

आता त्या मुलाकडे वळू. आम्ही त्याला एकच प्रयोग सांगितला. बाजारपेठेत एका जागी उभे राहायचे आणि सेकंदाला किती चित्रे होतात ते वहीत लिहायचे. मग पडद्याची बारकाई १९२० गुणिले १०८० वरून १२८० गुणिले ७२० वर आणायची. ठिपके निम्म्याहून कमी होतात. आकडा हलला नाही. कार्ड रिकामे बसले होते, हे त्याचे त्यालाच समजले. मग त्याने उलटे करून पाहिले: बारकाई पुन्हा वर नेली, सावल्या आणि कापडांचे पोत सर्वांत चांगल्या पातळीवर ठेवले. आकडा तरीही हलला नाही, आणि चित्र मात्र सुंदर झाले. शेवटी खेळाच्या सोयींतली ‘गर्दी’ त्याने सर्वांत कमीवर आणली. आकडा लगेच चढला.

कार्ड परत करायचा विचार त्याने सोडला. नवा प्रोसेसर घ्यायचा तर मदरबोर्ड आणि मेमरीही बदलावी लागते, तेवढे पैसे बारावीनंतर पाहू असे आईने सांगितले आहे. बाजारात माणसे जरा कमी दिसतात, पण त्यांच्या अंगरख्यांची वीण मोजता येते, असे त्याने परवा फोनवर कळवले.